दुखण्यावरचे उपाय : कोणते, किती आणि कोठवर?



औषधाच्या बाटलीवाचून दुखणे कमी करण्याचे जे अनेक उपाय लोकांत चालतात, त्यांविषयी आज मी बोलावे अशी व्याख्यानमालेच्या चालकांची इच्छा आहे. आरंभीच एक कबुली देतो. मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. उभा जन्म फळ्यापुढे उभे राहण्यात गेला. तेव्हा या विषयातला माझा अधिकार एवढाच की, माझी कंबर गेली वीस वर्षे दुखत आहे आणि जो कोणी भेटला त्याचा सल्ला मी ऐकला आहे. या सभेत माझ्याहून मोठे अधिकारी पुष्कळ असतील, याची मला जाणीव आहे.

आपल्या सोनपेठेत हा विषय वसंत ऋतूत निघावा, हे एका दृष्टीने योग्यच झाले. साखर कारखान्यांचा पट्टा पडला म्हणजे ऊसतोडीला गेलेली आपल्या भागातील माणसे याच सुमारास गावी परततात. पाच-सहा महिने वाकून कोयता चालवायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचे; आणि मग मान, कंबर, गुडघे ही सारी मंडळी आपापली फिर्याद घेऊन घरी येतात. त्या फिर्यादी कोण ऐकतो? कोणी तेल चोळणारा ऐकतो, कोणी हाडवैद्य ऐकतो, कोणी बाजारात पुड्या विकणारा ऐकतो, कोणी सुई टोचणारा ऐकतो. प्रश्न असा आहे की, यांतला खरोखर ऐकणारा कोण आणि नुसता तोंड दाबणारा कोण?

माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो. माझी मावशी पाठीच्या दुखण्याने बेजार झाली. वय साठीच्या घरात. आम्ही म्हणालो, वाताचे दुखणे आहे. निर्गुडीच्या पाल्याचा शेक दिला, तिळाचे तेल चोळले. चार दिवस बरे वाटले. पुन्हा दुखू लागले तेव्हा कोणी बिब्बा घालावयास सांगितले. तो घातला, त्याने कातडी उतली. मग जत्रेतून आणलेले तेल झाले, एका जाणत्याकडून पाठ मोडून घेणे झाले. असे सहा महिने गेले. एके दिवशी सकाळी ती अंथरुणावरून उठू लागली तो पाय उचलेनात. मोठ्या इस्पितळात नेले, फोटो काढला, तेव्हा कळले की, मणक्याला क्षय झाला आहे. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "संध्याकाळी अंगात कणकण असे का? वजन उतरले होते का?" दोन्ही खरे होते. मावशीच म्हणाली, "बाबा, ताप तर रोजच यायचा, पण कोणी इचारलंच नाही." क्षयाच्या औषधांनी ती वाचली, मात्र काठीवाचून पुन्हा चालली नाही. आमच्यापैकी सर्वांनी तिची पाठ चोळली. तिच्या कपाळाला हात कोणी लावला नाही.

या गोष्टीवरून तुम्ही म्हणाल, हा गृहस्थ घरगुती उपायांचा वैरी दिसतो. तसे नाही. निर्गुडीचा शेक वाईट नव्हता. त्या शेकाने जे काम होणार नव्हते, ते काम आम्ही त्याच्यावर सोपविले, हा आमचा अपराध.

या बाबतीत आपल्याकडे दोन पक्ष पडले आहेत. एकाला शेक, मालिश, आसने, मातीच्या पट्ट्या हे सारे थोतांड वाटते. दुसऱ्याला इंग्रजी औषध म्हणजे विष वाटते. विचार करण्याचे कष्ट दोघांनाही नको आहेत. महाराष्ट्राच्या भूमीवर घडलेल्या दोन प्रसंगांकडे मी आपले लक्ष वेधतो. दोन्ही प्रसंगांतला माणूस एकच आहे.

महात्मा गांधींनी १९०९ साली 'हिंद स्वराज्य' लिहिले, त्यात डॉक्टरांवर आणि इस्पितळांवर कडक टीका आहे. निसर्गोपचारावर त्यांची श्रद्धा जन्मभर राहिली. परंतु जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांच्या पोटात आंत्रपुच्छाचा विकार उठला. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणले आणि १२ जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यवैद्याने त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचा दिवा गेला आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. गांधीजींनी त्या इंग्रज डॉक्टरचे उपकार मोकळ्या मनाने मानले. पुढे मार्च १९४६ मध्ये हेच गांधीजी पुण्याजवळच्या उरुळी कांचनला गेले. तेथे त्यांनी खेड्यातल्या शेकडो रुग्णांना पाणी, माती, ऊन, आहार आणि रामनाम यांचे उपचार सांगितले. ते काम चालविण्यास मणिभाई देसाईंना त्यांनी मागे ठेवले, आणि तो निसर्गोपचार आश्रम आजही उभा आहे.

आता यांतले खरे गांधीजी कोणते? मला वाटते, दोन्ही. पोटात पिकलेल्या आंत्रपुच्छाला मातीची पट्टी पुरत नाही; आणि खेड्यातल्या माणसाच्या नित्याच्या आरोग्याला चाकू उपयोगी नाही. आपल्या श्रद्धेला कोठे थांबवावयाचे, हे त्या रात्री ससूनमध्ये त्यांनी दाखवून दिले.

त्याच १९२४ साली लोणावळ्याला दुसरी एक गोष्ट घडत होती. जगन्नाथ गणेश गुणे, ज्यांना आपण स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखतो, त्यांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि 'योगमीमांसा' नावाचे नियतकालिक काढले. योगाने बरे वाटते, असे सांगणारे पूर्वीही होते. स्वामीजींचे वेगळेपण असे की, त्यांनी क्ष-किरण यंत्र आणि दाब मोजण्याची साधने आणून उड्डियान आणि नौली करताना शरीरात प्रत्यक्ष काय घडते, हे मोजून पाहिले. श्रद्धेने मापपट्टीला भिऊ नये, हा त्यातला धडा होय. पुढे बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्याला आले आणि २०१४ साली त्यांचे निधन होईपर्यंत पुणे हीच त्यांची कर्मभूमी राहिली. ज्याचे अंग वळत नाही, त्याला दोर, पट्टे, लाकडी ठोकळे आणि खुर्च्या यांचा आधार देऊन त्याच्या बेताने आसन करवावे, ही त्यांची पद्धत जगभर गेली. माणसाला आसनात कोंबण्यापेक्षा आसनच माणसाच्या मापाचे करावे, असा त्यातला भाव मला दिसतो.

आता कोणी विचारील, चोळल्याने, शेकल्याने दुखणे कमी होते, हे खरे की भास? ते खरेच आहे. मूल पडले, गुडघा आपटला की, आई तो चोळते आणि मूल रडावयाचे थांबते. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी याची उपपत्ती मांडली. त्यांचे म्हणणे असे की, वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यात जणू एक फाटक लागते. स्पर्शाचा निरोप जोराने आला की, ते फाटक काही अंशी मिटते आणि वेदनेचा निरोप अडतो. या उपपत्तीत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना टिकून आहे. दुसरेही एक सांगतो. १९७८ साली अमेरिकेत दाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. औषध म्हणून नुसते निरुपद्रवी द्रव्य टोचले, तरी काहींच्या वेदना उणावल्या; मग शरीरातच तयार होणाऱ्या वेदनाशामक द्रव्याला अडविणारे औषध दिले, तेव्हा तो आराम ओसरला. म्हणजे विश्वासाने येणारा आराम हा काही ढोंग नव्हे. शरीर आपली वेदना काही प्रमाणात स्वतःच शमवू शकते.

पण, सज्जनहो, नेमकी येथेच मेख आहे. आराम पडणे ही एक गोष्ट आणि रोग बरा होणे ही दुसरी. फाटक मिटले म्हणून फाटकाबाहेरचा चोर निघून गेला, असे होत नाही. मावशीला शेकाने आराम पडत होता, आणि आत क्षय मणका खात होता.

मग करावे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. २०२० मध्ये जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती, यावरून या दुखण्याचा पसारा लक्षात येईल. त्या मार्गदर्शनात व्यायाम आहे, मालिश आहे, जाणकाराने हातांनी केलेले मणक्याचे उपचार आहेत, चिनी पद्धतीने सुया टोचण्याचा उपचारही आहे, आणि रोग्याला त्याचे दुखणे नीट समजावून सांगणे, हाही एक उपचारच मानला आहे. याउलट कंबरेला पट्टा बांधणे आणि वजने लावून ओढ देणे हे सरसकट करू नये, असे त्यात म्हटले आहे. मी स्वतः दहा वर्षे पट्टा वापरला. आता तो खुंटीला आहे, आणि मी रोज सकाळी वाण नदीच्या बाजूला चालावयास जातो. कंबर दुखावयाची पुरती थांबली नाही. परंतु आमचे दोघांचे आता बरे जमते.

काही गोष्टींपासून मात्र दूर राहिले पाहिजे. बिब्ब्याने कातडी भाजते. तापल्या सळईने डाग देणे, आणि तेही लहान मुलांना, ही क्रूरता आहे. आणखी एक धोका आहे, तो फार गोड आहे. नाव नाही, गाव नाही, अशी पुडी विकणारा म्हणतो, "शंभर टक्के झाडपाला, तीन दिवसांत गुडघा मोकळा." आणि गुडघा खरोखर मोकळा होतो! अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे पुष्कळदा आढळले आहे. ते दीर्घकाळ पोटात गेले म्हणजे तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि एकाएकी बंद केले तर त्यानेही जिवाला धोका होतो. म्हणून अशी पुडी चालू असेल, तर ती घेऊनच डॉक्टरांकडे जावे. मधुमेह, कर्करोग, संधिवात यांसारखे रोग बरे करण्याच्या जाहिराती करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी भिंती रंगलेल्या आपण पाहतोच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुखण्याचे तोंड दाबण्याचा दोष एकट्या जडीबुटीवाल्याचा नाही. वेदनाशामक गोळ्या फुटाण्यासारख्या खाल्ल्याने जठराला जखमा होतात, मूत्रपिंडे बिघडतात. आणि शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या कितीतरी स्त्रियांच्या, ऐन उमेदीच्या वयात, पोटदुखीसारख्या तक्रारीवरून गर्भपिशव्या काढल्या गेल्या, हे २०१९ साली उघड झाले आणि राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. ते काम झाडपाल्याचे नव्हते. दुखणे का आहे, हे न विचारता ते संपविण्याची घाई, हाच रोग दोन्हीकडे आहे.

तेव्हा उपचार कोणताही असो, चार प्रश्न विचारावेत. हा माणूस माझी हकीकत ऐकून घेतो का? काय देतो, ते नावानिशी सांगतो का? किती दिवसांत गुण यावा आणि न आल्यास पुढे काय, हे सांगतो का? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा : "हे माझ्या आवाक्यातले नाही, तुम्ही इस्पितळात जा," असे म्हणण्याची त्याची तयारी आहे का? हे वाक्य ज्याच्या तोंडी येते, तो मालिश करणारा असला तरी विश्वासास पात्र. ज्याच्या तोंडी कधीच येत नाही, त्याच्या पदव्यांची पाटी कितीही लांब असली तरी सावध राहावे.

आणि दुखण्यासोबत ताप असेल, वजन उतरत असेल, रात्रीची झोप मोडत असेल, पायांत बळ राहिले नसेल किंवा मुंग्या येत असतील, लघवीवरचा ताबा गेला असेल, अथवा छातीत दुखून घाम सुटत असेल, तर शेक-मालिश यांचा विचारही न करता डॉक्टरांकडे जावे. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात.

शेवटी, ज्यांच्यापासून मी सुरुवात केली, त्यांच्याकडे येतो. उचल घेतलेल्या आणि एका दिवसाच्या खाड्यालाही दंड भरणाऱ्या माणसाला आसने आणि विश्रांती सांगणे ही थट्टा आहे. त्याची कंबर मोळीने दुखते. मोळी हलकी झाल्याशिवाय, दोन दिवस निजण्याची सोय झाल्याशिवाय कोणतेही तेल तिला पुरे पडणार नाही. तो उपाय वैद्याच्या बटव्यात नाही, तो तुमच्या-माझ्या हातांत आहे. निदान आपल्या आळीत कोणी परतला असेल, तर आज घरी जाताना त्याला एवढे विचारा : "कुठं दुखतंय? कधीपासून? ताप येतो का?" आमच्या घरी हे तीन प्रश्न सहा महिने उशिरा विचारले गेले.