सुट्टीचे शेवटचे आठ दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी भगिनींसमोर केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘मुले आणि उन्हाळ्याची सुट्टी’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी त्यांना म्हटले, सुट्टीच्या आरंभाविषयी सगळेच बोलतात. मला तिच्या शेवटाविषयी बोलू द्या. मुले घरी आली की पहिला पंधरवडा कोणालाच जड जात नाही. लग्ने असतात, जत्रा असतात, पाहुणेरावळे असतात, आढीत आंबे असतात. खरी कसोटी लागते ती रोहिणी नक्षत्र निघाल्यावर, म्हणजे २५ मे च्या पुढे. लग्नसराई ओसरते, आंबा संपत येतो, उकाड्याने जीव नकोसा होतो, आणि मुले एकमेकांच्या झिंज्या धरू लागतात. नेमक्या त्याच दिवसांत घरच्या बाईच्या डोक्यावर पावसाळ्याची सगळी बेगमी असते. मग आपण काय करतो? मुलांच्या हाती मोबाईल देतो आणि पदर खोचून कामाला लागतो. मी हे कोणाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. मीही दिलेला आहे.

कुंभार्लीच्या घाटाखाली चिपळूणकडचे लोक या दिवसांना ‘आगोट’ म्हणतात. आपण नाव काहीही देऊ, धावपळ तीच. आपल्या पाटण तालुक्याचा पाऊस थट्टेचा नव्हे. कोयनानगर, नवजाच्या बाजूला वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाणी पडते. मृग लागला की त्या बाजूचे घर चार महिने मिटून बसते. जे वाळवायचे, भरायचे, झाकायचे ते त्याच्या आधी.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची. आपल्या घरातली निम्मी माणसे मुंबईस. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील आपल्याच तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे. १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यापूर्वीपासून आपल्या वाड्यावस्त्यांतले पुरुष पाठीवर पोती वाहून गावाकडे मनिऑर्डरी धाडीत होते. त्यांची नातवंडे आज कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीला राहतात आणि मे महिन्यात आपल्या आजीकडे येतात. जूनच्या मध्यास शाळा उघडतात, तेव्हा आठ-दहा जूनच्या एस. टी. ने ती परत जातात. म्हणजे आपल्या हाती हे शेवटचे आठ दिवस राहतात. ते कसे घालवावे, एवढेच मला सांगायचे आहे, आणि तेही उपदेश म्हणून नव्हे. आमच्या घरी काय घडले तेवढे सांगते.

आमच्याकडे पाच नातवंडे जमतात. थोरला आता दहाचा, धाकटी चारची. पूर्वी मी त्यांना ‘खेळा जा, मध्ये लुडबूड करू नका’ असे म्हणत असे. मग ती मध्येच येत, काही सांडत, मी ओरडत असे. एके वर्षी कुरडयांच्या दिवशी धाकट्या सुनेला ताप आला आणि हात कमी पडले. गहू तीन दिवस भिजलेला, पाणी रोज बदललेले. चौथ्या दिवशी वाटून चीक काढायलाच हवा, नाहीतर गेले सगळे. निरुपायाने मी पोरांना हाक मारली.

भगिनींनो, त्या दिवशी मला समजले की मुलांना खोटे काम लगेच ओळखू येते. चारच्या पोरीच्या हाती पिठाचा गोळा देऊन ‘तू पण पापड लाट हं’ म्हटले, तर ती पाच मिनिटांत उठून जाते. त्या गोळ्याचा पापड कोणी खाणार नाही हे तिला ठाऊक असते. पण तिला बाजेपाशी काठी देऊन बसवले आणि सांगितले की कावळा आला तर कुरडई जाईल आणि दिवाळीत तुला खायला मिळणार नाही, तर ती दुपारभर हलत नाही. आमची बसली. एकदा झोप लागली तेव्हा तिने भावाला हाका मारून आपल्या जागी बसवले आणि मगच आडवी झाली. सोऱ्या दाबायला दोघे थोरले आळीपाळीने आले. गरम चिकावर दूध आणि गूळ घालून वाटी वाटी दिली, ती मजुरी. दुपारी तीनच्या सुमारास दातेगडाच्या बाजूने आभाळ काळे झाले, वळवाचा वारा सुटला आणि आम्ही सारी, ताप आलेली सूनदेखील, चादरीची टोके धरून धावलो. चार कुरडया मोडल्या. त्या दिवसानंतर ‘कंटाळा आला’ हे शब्द त्या सुट्टीत मी ऐकले नाहीत.

तेव्हापासून मी कामे वाटून देते. मिरच्या डंकावर नेण्याचे काम मात्र पोरांकडे नाही. शिंकून बेजार होतात आणि तेच हात डोळ्यांना लावतात. चिंच सोलणे, चिंचोके वेगळे करणे, आठळ्या धुऊन वाळत घालणे, आढीतला आंबा नाकाशी धरून पिकला की नाही सांगणे, ही त्यांची. शेवटच्या कामात मुलांचे नाक आपल्यापेक्षा तिखट असते. दोडक्या-भोपळ्याचे बी राखेतून काढून निवडायचे आणि परसात कुंपणाकाठी टोचायचे, हेही त्यांनीच. प्रत्येकाची आपली आळी, आपली काठी. रायवळ आंब्याच्या कोया धुऊन पुरायला देते. त्यांतल्या किती उगवतात हे विचारू नका.

सरपण आत घेताना मात्र मी स्वतः उभी राहते. उन्हाळाभर रचून ठेवलेल्या लाकडांत विंचू असतो, कधी फुरसे, घोणस असते. लाकूड आधी काठीने हलवायचे, मग उचलायचे, आणि फटीत हात घालायचा नाही. चावलेच तर देवऋषीकडे नव्हे, तडक दवाखान्यात. हे मी मुलांकडून पाढ्यासारखे म्हणवून घेते.

नदीचेही तसेच. कोयना आपल्या दारातून वाहते. पोहायला शिकवायचे तर या दिवसांसारखे दिवस नाहीत. पण ही आपल्या आजोबांच्या वेळची उन्हाळ्यातली नदी नव्हे. सांगलीकडच्या टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांसाठी धरणातून उन्हाळ्यात पाणी सोडतात, आणि सकाळी गुडघाभर असलेले पाणी नंतर किती चढेल हे नवख्या मुंबईकर पोराला कळत नाही. मोठे माणूस काठावर असल्याशिवाय पाण्यात पाय नाही. या बाबतीत मी आजी नाही, फौजदार आहे.

एक दिवस सुट्टीचा म्हणून राखावा. आम्ही पहाटे उठून टोळेवाडीच्या वाटेने दातेगडावर जातो. खडकात कोरलेला मारुती आणि गणपती मुलांना आवडतात. पण त्यांचा जीव अडकतो तो तलवारीच्या आकाराच्या विहिरीत. अखंड कातळात खोदलेली ती अरुंद, खोल विहीर, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या, आणि उन्हाळ्याच्या शेवटीही तळाशी असलेला गारवा! पाऊस सुरू झाला की या पायऱ्या शेवाळतात, म्हणून हे दर्शन मृगाच्या आधीच. वरून गाव दाखवावा आणि आपले घर कोणते ते ओळखायला सांगावे. उतरताना ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा ऐकू येतो. रात्री काजवे बघायला नेले की सुट्टीचे पैसे फिटले. काजवे बाटलीत भरू देऊ नका. त्यांची अळी गोगलगायी खाते, म्हणजे आपल्या शेताचीच राखण करते, एवढे सांगितले की पोरे ऐकतात.

आता मुख्य सांगायचे ते. आमचे घर डोंगराच्या पायथ्याला आहे. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहाटे भूकंप झाला, तेव्हा जुने घर बसले. त्यानंतर उभे केलेले हे. कौले चाळणे, पन्हळी साफ करणे, पावसाच्या बाजूची भिंत झाकणे हे दरवर्षीचे. दोन वर्षांपूर्वी मी आठ वर्षांच्या नातवाला ‘पाहणी’चे काम दिले. एक काठी घ्यायची, घराभोवती आणि मागच्या उतारावर फेरी मारायची, आणि पाणी कुठून येईल, कुठे तुंबेल ते येऊन सांगायचे. खरे सांगायचे तर ते काम मी त्याला घराबाहेर काढण्यासाठीच दिले होते. म्हणजे जे खोटे काम देऊ नये म्हणून मी आत्ता सांगितले, तेच मी केले.

तो अर्ध्या तासात परत आला आणि म्हणाला, ‘आजी, वर जमिनीला ओठ फुटलेत.’

मी शेवया मोडीत होते. म्हटले, ‘उन्हाळ्यात जमीन फुटतेच रे, बाळा.’ दुसऱ्या दिवशी तो पुन्हा म्हणाला. मी पुन्हा तेच उत्तर दिले. तिसऱ्या दिवशी त्याने माझा हात धरून ओढले. ‘शेतातल्या भेगा जाळीसारख्या असतात. ही एकच आहे. आणि माझी काठी आत जाते.’

मी गेले. भगिनींनो, पोराने बरोबर पाहिले होते. काळ्या रानातल्या उन्हाळी भेगा चहूकडे फुटतात. ही भेग लाल मातीत, उताराला आडवी, कमानीसारखी गेली होती, आणि त्याची काठी तीत मुठीपर्यंत गेली. वरचा शेवरीचा बुंधाही थोडा कलल्यासारखा दिसला. माझ्या पोटात गोळा आला, कारण मला २०२१ चा जुलै आठवला. त्या महिन्याच्या २२ तारखेच्या रात्री आपल्याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे डोंगर खाली आला आणि झोपलेली माणसे मातीखाली गेली. इथे बसलेल्या कित्येकींची त्यांत सोयरीक होती. तिथली नावे मी घेत नाही.

अशी भेग पावसाच्या पाण्याला आत जायला दार देते. आत मुरलेले पाणी मातीचा भार वाढवते आणि तिची पकड सोडवते. आम्ही तलाठ्यांना कळवले. तोवर घरातल्या सगळ्यांनी भेगेच्या वरच्या अंगाला चर खणला, म्हणजे डोंगराचे पाणी भेगेत न शिरता बाजूच्या ओढ्याला मिळेल. भेग चिकणमातीने ठोकून बुजवली, वर ताडपत्री टाकली. मुले टोपल्यांनी माती वाहत होती, आणि त्यांना खेळ म्हणून नव्हे, का ते सांगून आम्ही वाहायला लावली. मुलांना अशाने भीती बसेल असे थोरली सून म्हणाली. मला तसे दिसले नाही. ज्या गोष्टीवर काही करता येते तिची त्यांना भीती वाटली नाही. उलट रात्री आम्ही कुजबुजत बोलत होतो, तेव्हाच ती बिचकून उठली.

मग आम्ही ठरवले की जोराचा पाऊस लागला तर रात्री त्या घरात झोपायचे नाही, गावातल्या दिराच्या घरी जायचे. ओढ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, दार चौकटीत अडकू लागले, नवीन झरा फुटला, तर रात्रीचे बारा वाजले असले तरी निघायचे. ही यादी नातवाने मागच्या वर्षीच्या वह्यांची कोरी पाने काढून शिवलेल्या वहीत लिहिली आणि स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला टांगली. कोऱ्या पानांच्या वह्या शिवणे हेही त्या आठ दिवसांतलेच आमचे एक काम.

नऊ जूनला मुले गेली. जाताना धाकटीने आडोशाला लावलेल्या भोपळ्याला पाणी घालायला मला बजावले, जसे काही पावसाने तिच्या भोपळ्यापुरती सुट्टी घेतली असती. त्या जुलैत सलग चार रात्री आम्ही दिराकडे निजलो. पाचव्या दिवशी उघडीप झाल्यावर जाऊन पाहिले, तर भेगेखालचा उतार हातभर खचला होता, शेवरी आडवी झाली होती, आणि चरातून तांबडे पाणी ओढ्याकडे धो धो जात होते. घर उभे होते.

त्या संध्याकाळी घणसोलीहून नातवाचा फोन आला. पाऊस किती झाला, माझी तब्येत कशी आहे, काही विचारले नाही. म्हणाला, ‘आजी, चरात पालापाचोळा अडकला असेल. कोणी काढला का?’

मी म्हटले, नाही अजून. तो म्हणाला, ‘मग आधी काढ. मी फोन धरून थांबतो.’