मोटारीची पकड

मोटार वेगवान करावयाची म्हणजे तिचे इंजिन अधिक बलवान करावयाचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. सरळ रस्त्यापुरती ती खरीही आहे. परंतु शर्यतीसाठी बांधलेला बंदिस्त मार्ग सरळ नसतो. त्यावर वळणामागून वळण येते, आणि ऐन वळणात इंजिनाचे बळ फारसे कामास येत नाही. गाडीने रस्ता किती घट्ट धरला आहे, एवढाच तेथे प्रश्न उरतो. सुट्टीच्या दिवशी शुल्क भरून अशा मार्गावर आपली गाडी हाकण्याची हौस असलेली माणसे आज जगात पुष्कळ आहेत. भारतातही चेन्नईजवळचा 3.7 किलोमीटरांचा, कोइमतूरजवळचा 2.1 किलोमीटरांचा आणि ग्रेटर नोएडा येथील 5.125 किलोमीटरांचा असे मार्ग आहेत. या छंदात पडलेल्या माणसाच्या मनात लवकरच नवे टायर आणि कडक स्प्रिंगा घेण्याचा विचार येतो. विचार वावगा नाही. परंतु तो कोणत्या क्रमाने आणि कोणत्या समजुतीने अमलात आणला जातो, यावर त्याचा पैसा, आणि प्रसंगी त्याचा जीवही, अवलंबून असतो.

उदाहरणादाखल जपानच्या मझदा कंपनीची एमएक्स-5 ही गाडी घेता येईल. 1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली. अमेरिकेत ती मियाटा या नावाने ओळखली जाते. दोन माणसांची बैठक, उघडता येणारे छत, पुढे 1.6 लिटरचे साधे इंजिन, फिरणारी चाके मागची, आणि वजन हजार किलोंहून थोडे कमी, असा तिचा थाट होता. तिची दहा लाखावी गाडी 2016 साली तयार झाली. हौशी चालकांनी शर्यतीच्या मार्गावर नेलेल्या गाड्यांत हिच्याइतकी पारखलेली गाडी क्वचितच दुसरी असेल.

अशी गाडी रस्त्याला नेमकी कोठे टेकते, हे प्रथम पाहावे. चालकासह वजन ढोबळ मानाने 1000 किलो धरले, तर प्रत्येक चाकावर 250 किलोंचा भार येतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2 किलो असतो. तेव्हा तो भार तोलण्यास सव्वाशे चौरस सेंटिमीटर रबर रस्त्याला टेकलेले असावयास हवे. टपाल खात्याचे साधे पोस्टकार्ड एवढ्याच आकाराचे असते. वेग घेणे, वेग आवरणे आणि वळणे ही गाडीची सारी कामे या चार पोस्टकार्डांवर चालतात. स्प्रिंगा, शॉक-ॲब्सॉर्बर, दांडे आणि सांधे यांचा सारा संसार या चार तुकड्यांच्या सेवेसाठी मांडलेला असतो. हे एकदा ध्यानात आले म्हणजे पुढील बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

गाडी वळू लागली की तिचा भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांकडे सरकतो. वळणावर गाडीच्या वजनाच्या नऊ-दशांश इतके बल बाजूने लागत आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आहे आणि डाव्या-उजव्या चाकांतील अंतर 1.4 मीटर आहे, असे धरून गणित मांडले, तर 320 किलोंचा भार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातो. आतल्या दोन चाकांवर 180 किलो उरतात, आणि बाहेरच्या दोहोंवर 820 किलो येतात. रबराचा स्वभाव असा की, भार दुप्पट झाला तरी पकड दुप्पट होत नाही. ती काहीशी कमीच राहते. म्हणून बाहेरच्या चाकांना मिळालेली जास्तीची पकड आतल्या चाकांनी गमावलेली पकड पुरती भरून काढू शकत नाही.

येथेच एका फार रूढ गैरसमजाचा निरास करणे अवश्य आहे. कडक स्प्रिंगा बसविल्या म्हणजे भार सरकावयाचा थांबतो, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः किती भार सरकावयाचा हे मुख्यत्वे गाडीचे वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांतील अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरते. कडक स्प्रिंगांनी कमी होतो तो गाडीचा झोक. भार सरकतोच, फक्त गाडी कमी कलंडते आणि अधिक त्वरेने साद देते. हा लाभ लहान नाही, कारण गाडी कलंडली म्हणजे तिच्याबरोबर चाकही बाहेर झुकते आणि टायर आपल्या बाहेरच्या काठावर उभा राहतो. मग पोस्टकार्डाचा अर्धा भाग कामाला लागतो, आणि अर्धा उगाच मिरवतो.

तथापि स्प्रिंग हवी तितकी कडक करता येत नाही. शर्यतीच्या मार्गावरही उंचवटे असतात, आणि वळणांच्या कडेला उंच दगडी पट्ट्या असतात. अतिशय ताठ गाडी त्यांवरून उडत जाते; आणि जे चाक रस्त्यावरून उचलले गेले, त्याची पकड शून्य. ब्रिटनच्या लोटस कंपनीचे कॉलिन चॅपमन यांनी 1962 मध्ये आणलेली एलान ही गाडी या बाबतीत आदर्श मानली जाते. हलके वजन, मऊ स्प्रिंगा आणि त्यांना आवर घालणारे उत्तम शॉक-ॲब्सॉर्बर, ही तिची रीत होती. मझदाच्या अभियंत्यांनी आपली गाडी आखताना डोळ्यांपुढे ठेवली ती हीच एलान.

शॉक-ॲब्सॉर्बर हे नाव थोडे फसवे आहे. धक्का सोसते ती स्प्रिंग. शॉक-ॲब्सॉर्बर तिची उसळी आवरतो. तो थकला म्हणजे चाक रस्त्यावर नाचू लागते आणि पोस्टकार्डावरचा भार क्षणाक्षणाला बदलतो. म्हणून स्प्रिंग कडक करून जुना शॉक-ॲब्सॉर्बर तसाच ठेवणे म्हणजे घोडा तेज घ्यावयाचा आणि लगाम कुजका ठेवावयाचा. स्वस्त मार्ग म्हणून केवळ आखूड स्प्रिंगा घालून गाडी खाली बसविण्याची चाल तर त्याहून वाईट. एमएक्स-5 च्या चाकांना वर सरकण्यास मुळातच फारशी जागा नाही. ती जागा आणखी घटली की, वळणाच्या ऐन मध्यात दांडा रबरी अडणीवर आदळतो, स्प्रिंग एकाएकी दगडासारखी ताठ होते आणि त्या टोकाची पकड सुटते. दिसावयास गाडी झोकदार. चालवावयास ती पूर्वीपेक्षा वाईट.

झोक कमी करण्याचे दुसरे साधन म्हणजे डाव्या व उजव्या चाकांना जोडणारा पोलादी पिळाचा दांडा, ज्याला अँटी-रोल बार म्हणतात. त्याचे खरे महत्त्व तोल साधण्यात आहे. सरकणाऱ्या भारापैकी किती पुढच्या चाकांनी पेलावयाचा आणि किती मागच्या, हे या दांड्यांच्या व स्प्रिंगांच्या तुलनेने ठरते. पुढचा दांडा जाड केला तर पुढची चाके आधी घसरतात आणि गाडी वळण सोडून सरळ जाऊ पाहते. मागचा जाड केला तर शेपूट फिरू लागते. पहिल्या दोषात नवखा चालक घाबरून पाय मागे घेतो आणि बहुधा सावरतो. दुसऱ्यात तो पाय मागे घेतो आणि तेवढ्यानेच गाडी गरकन फिरते. म्हणून तोल बदलावयाचा तो थोडाथोडा, आणि एका वेळी एकच फेरफार करून.

आता टायरांकडे वळावे. शर्यतीच्या मार्गासाठी बनविलेल्या टायरचे रबर मऊ व चिकट असते. अमेरिकेच्या नियमानुसार टायरच्या बाजूवर झिजेचा एक अंक छापलेला असतो. तो जितका लहान, तितका टायर लवकर झिजणारा. हौशी चालकांत 200 अंकाचे टायर विशेष प्रचारात आहेत. त्याच बाजूवर चार आकड्यांची एक खूणही असते. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. स्वस्तात मिळालेला चिकट टायर विकत घेण्यापूर्वी ही खूण अवश्य वाचावी, कारण रबर वयाने आणि पुनःपुन्हा तापल्या-निवल्यानेही कठीण होते. त्याची नक्षी शाबूत दिसली तरी पकड गेलेली असते.

टायर तापला की आतली हवाही तापते. 20 अंश सेल्सियसला 28 पौंड दाब भरलेला टायर आतील हवा 70 अंशांवर गेली म्हणजे सुमारे 35 पौंड दाखवितो. म्हणून जाणते चालक फेऱ्या मारून येताच दाब मोजतात आणि जास्तीची हवा सोडतात. टायरच्या आतल्या, मधल्या व बाहेरच्या भागाचे तापमानही ते टिपतात. बाहेरचा काठ फार तापला असेल, तर चाकाचा वरचा भाग आत झुकवावा लागतो. या झुकावास कँबर म्हणतात. शर्यतीच्या मार्गासाठी तो दोन ते तीन अंश ठेवण्याची वहिवाट आहे, आणि एमएक्स-5 मध्ये तो चारी चाकांना जुळवून घेता येतो. जुळवणीच्या या कामास नव्या स्प्रिंगांच्या मानाने खर्च अल्प येतो, आणि लाभ पुष्कळदा अधिक होतो. मात्र सायंकाळी थंड झालेल्या टायरांत हवा पुन्हा भरून मगच घराची वाट धरावयाची असते. हे विसरणारा चालक भर महामार्गावर कमी हवेच्या टायरांवर धावत असतो, आणि त्याला त्याची वार्ताही नसते.

चिकट टायर घेतल्याने वेग किती वाढतो? 70 मीटर त्रिज्येचे वळण आहे, असे समजावे. नऊ-दशांश पकडीच्या साध्या टायरवर गाडी ते ताशी सुमारे 90 किलोमीटर वेगाने घेऊ शकते. पकड वाढून अकरा-दशांश झाली, तर तेच वळण ताशी 99 किलोमीटर वेगाने घेता येते. पकड वाढली 22 टक्के, वेग वाढला 10 टक्के. पण गाडीत साठलेली गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे गाडी सुटलीच, तर कोठेतरी जिरवावी लागणारी ऊर्जाही 22 टक्क्यांनी वाढलेली असते. शिवाय साधा टायर सुटण्यापूर्वी ओरडतो, हळूहळू घसरतो आणि चालकास सावध करतो. अत्यंत चिकट टायर पुष्कळदा अखेरपर्यंत मुकाट राहतो, आणि सुटतो तेव्हा एकदम सुटतो. तो चालकाच्या चुका काही काळ झाकून ठेवतो आणि मग त्यांचा सारा हिशेब एकाच वळणावर मागतो. नवख्याने पहिले काही दिवस साध्या, परंतु निर्दोष टायरांवरच शिकावे, असा सल्ला पुष्कळ शिक्षक देतात, त्याचे कारण हेच.

तेव्हा क्रम असा ठरतो. प्रथम जे आहे ते नीट करावे. पहिल्या पिढीची एमएक्स-5 आता तीस वर्षांच्या घरात किंवा त्याही पलीकडे गेली आहे. तिच्या सांध्यांतील रबरी वाट्या, चाकांचे बेअरिंग आणि शॉक-ॲब्सॉर्बर तपासल्याविना नव्या वस्तूंवर खर्च करणे व्यर्थ होय. ब्रेकचे तेलही बदलावे, कारण ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि मग कमी तापमानाला उकळते; तेल उकळले की पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. त्यानंतर चाकांची जुळवणी, मग हात बसल्यावर चांगले टायर, मग एकमेकांना जुळणारे शॉक-ॲब्सॉर्बर व स्प्रिंगा, आणि अखेरीस तोल साधण्यासाठी अँटी-रोल बार.

स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या स्पेक मियाटा या वर्गात या विचाराचे दुसरे टोक दिसते. तेथे इंजिनात फारसा फेरफार करण्यास मुभा नसते, आणि स्प्रिंगा व शॉक-ॲब्सॉर्बर सर्वांना एकाच जातीचे नेमून दिलेले असतात. पुढची स्प्रिंग एक इंच दबण्यास 700 पौंड आणि मागची दबण्यास 325 पौंड भार लागतो. कारखान्यातील मूळ स्प्रिंगांच्या तिपटीहून हे अधिक आहे. अशी गाडी निव्वळ शर्यतीची झाली. तिला रोजच्या रस्त्यावर आणणे म्हणजे प्रत्येक खड्ड्याचा जाब पाठीच्या कण्याला विचारणे. ज्याची गाडी एकच आहे आणि कामावरही तिनेच जावयाचे आहे, त्याने मध्यम मार्ग धरावा हे उत्तम. भारतात तर कायद्याचाही विचार करावा लागतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार कारखान्याने दिलेल्या व नोंदणीपत्रात लिहिलेल्या तपशिलांत मन मानेल तसा बदल करता येत नाही, आणि नेहमीच्या मोटार-विमापत्रात शर्यत व वेगचाचणी यांसाठी केलेला वापर वगळलेला असतो.

एमएक्स-5 घडविताना तिच्या निर्मात्यांनी एक जपानी वचन समोर ठेवले होते. त्याचा अर्थ, स्वार आणि घोडा यांची एकात्मता. मराठी माणसाला घोड्यावरची मांड ही गोष्ट नवी नाही. मांड पक्की होण्यास खोगीर चांगले लागते हे खरे, पण खोगीर विकत मिळते म्हणून मांडही विकत मिळेल असे नाही. शंभर फेऱ्या मारून, टायरचे बोलणे कान देऊन ऐकून आणि गाडीचा तोल बैठकीतून ओळखून जो शिकला, त्याला पुढे कोणती वस्तू घ्यावयाची हे गाडीच सांगते. ज्याने ऐकण्याआधीच सारे बदलून टाकले, त्याला गाडी काय सांगत होती हे पुन्हा कळावयाचे नाही.