वाळवंटाचं माप, वसईचा घाम

(उन्हाळ्याच्या तोंडावर वसईत झालेल्या महिला मेळाव्यातलं भाषण.)



उन्हाळा हा काही संघटनेचा विषय नव्हे, असं आपल्यापैकी बऱ्याच जणींना वाटत असेल. मारहाण, रेशन, पाणी, मजुरी यांवर आपण बोलतो, मोर्चे काढतो. ऊन काय, ते सगळ्यांवरच पडतं. पण ते सगळ्यांवर सारखं पडत नाही. ऊन कसं मोजतात, कुठे मोजतात आणि त्या मोजणीत आपण बायका कुठे असतो, हे आज सांगायचं आहे.

कडक ऊन म्हटलं की आपल्याला राजस्थानचं वाळवंट आठवतं. १९ मे २०१६ रोजी तिथल्या फलोदी गावात पारा ५१ अंशांवर गेला होता. तिथल्या बाईचे हाल मी कमी लेखत नाही. डोक्यावर हंडे घेऊन त्या उन्हात चालणं काय असतं, ते तिलाच ठाऊक. पण तिथली हवा कोरडी असते. घाम आला की लगेच सुकतो आणि सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. जुनी घरं जाड भिंतींची. सूर्य मावळला की वाळू लवकर निवते. कूलरही तिथे कामाचा, कारण तो ओल्या गवताच्या जाळीतून कोरडी हवा ओढून ती गार करतो.

आता आपल्या वसईत या. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. घाम येतो, पण सुकत नाही, नुसता निथळतो. त्यामुळे अंग निवत नाही. इथे कूलर लावला तर खोलीत ओल वाढते आणि जीव आणखी घुसमटतो. दिवसभर तापलेली स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. पारा ३५ अंशांवर असेल आणि हवेत ५५ टक्के ओल असेल, तर शरीराला ते सुमारे ४३ अंशांसारखं वाटतं. हा हिशेबसुद्धा सावलीतला आहे, उन्हातला नव्हे.

पण सरकारी नियम काय म्हणतो? किनारपट्टीवर कमाल तापमान निदान ३७ अंश हवं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त हवं, तेव्हा उष्णतेची लाट म्हणायची. म्हणजे ३५ अंशांच्या त्या दिवशी लाट नाही. अलीकडे हवामान खातं ‘उष्ण व दमट’ असा वेगळा इशारा देऊ लागलं आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण इशारा आला म्हणून कुणाच्या कामाचे तास बदलले? कुठल्या नाक्यावर सावली आली?

शिवाय तो पारा ठेवलेला असतो कुठे, तेही पाहा. मोकळ्या जागी, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, चारी बाजूंनी वारा खेळेल अशा पांढऱ्या पेटीत. नालासोपाऱ्याच्या चाळीत पत्र्याखाली दहा बाय दहाच्या खोलीत गॅस पेटलेला असतो, कुकरची वाफ कोंडलेली असते आणि दिव्याची ज्योत विझू नये म्हणून पंखा बंद केलेला असतो. तिथलं तापमान कुठल्याच नोंदवहीत जात नाही. त्याच खोलीत दुपारी ती बाई नगावर खोट्या दागिन्यांचे मणी ओवते. कारखान्यात हवा आणि तापमान कसं असावं, हे कायद्यात लिहिलेलं आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातही होतं. पण जिचं घर हाच तिचा कारखाना, तिच्यासाठी यातलं काही लागू होत नाही. उकाड्याने हात मंदावला तर नग कमी आणि पैसे कमी.

बाहेर काम करणारीचं काय? भाजीवाली, कोळीण, नाक्यावर उभी राहणारी बांधकाम मजूर. डॉक्टर सांगतात, भरपूर पाणी प्या. पण दिवसभरात लघवीला जायला जागा नसेल तर बाई पाणी पिणार कशी? ती मुद्दाम तहानलेली राहते. मुंबईत २०११ मध्ये ‘राईट टू पी’ची मोहीम सुरू झाली, तेव्हा अनेकांना हसू आलं होतं. उन्हाळ्यात तो प्रश्न जिवावर बेततो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर दुपारी उघड्या मैदानावर सरकारी सोहळा झाला. उष्माघाताने १४ माणसं दगावली. खारघर वाळवंटात नाही, आपल्यासारखंच खाडीकाठी आहे.

आणि पोटुशी बाई? २७ देशांतल्या ७० अभ्यासांचा एक आढावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तापमान एका अंशाने वाढलं की दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण सुमारे पाच टक्क्यांनी वाढतं, असं त्यात दिसलं. म्हणजे हा आपल्या आरोग्याचा प्रश्न आहे, नुसता घामाचा नव्हे.

यावर काही करता येतं का? येतं. शेजारच्या गुजरातकडे पाहा. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उन्हाळ्याचा आराखडा केला. तिथल्या एका सार्वजनिक रुग्णालयात नवजात बाळांचा विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापत्या गच्चीखाली होता. तो खाली हलवला आणि उष्णतेने आजारी पडणारी बाळं कमी झाली. त्याला परदेशी यंत्र लागलं नाही. खाटा हलवाव्या लागल्या, आणि त्याआधी बाळं का तापतात हे कुणीतरी विचारावं लागलं.

सेवा या संघटनेने कष्टकरी बायकांसाठी उष्णतेचा विमा काढला. २०२४ मध्ये राजस्थान, गुजरात आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५० हजार बायका त्यात होत्या. पारा ठरलेल्या आकड्यावर गेला की पैसे थेट बाईच्या खात्यात. त्या उन्हाळ्यात ४६ हजारांहून अधिक जणींना पैसे मिळाले. कच्छच्या छोट्या रणात मीठ पिकवणाऱ्या बाईला काम बंद ठेवायचा असा आधार मोलाचा आहे. पण उद्या कुणी अशीच योजना घेऊन वसईत आलं आणि ४० अंशांची अट घातली, तर आपल्या मिठागरातल्या बाईला छदामही मिळणार नाही. तिचं अंग भाजलं नाही म्हणून नव्हे, तर वाळवंटाचं माप तिला लावलं म्हणून.

आता पावसाचं. ऊन आणि पाऊस हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. आपल्याकडे बावखलं होती, रहाटाच्या विहिरी होत्या, केळीच्या बागा होत्या. बावखलात पावसाचं पाणी साठायचं, विहिरींना झरे लागायचे, आजूबाजूची हवा निवायची. १९९० मध्ये सिडकोला इथलं नियोजन दिलं, तेव्हा हरित वसईच्या आंदोलनात याच पाण्यासाठी आणि झाडांसाठी माणसं रस्त्यावर आली. नंतरच्या वर्षांत अनेक बावखलं बुजली, पाणथळीवर भराव पडला. भरावावर इमारत उभी राहिली की उन्हाळ्यात तिची स्लॅब तापते आणि पावसाळ्यात पाण्याला जायला वाट उरत नाही. जुलै २०१८ मध्ये वसई आणि नालासोपाऱ्याच्या दरम्यान रुळांवर पाणी आलं, गाड्या थांबल्या, वीज गेली, मिठागरात शेकडो माणसं अडकली. घरात शिरलेला गाळ कुणी काढला, पिण्याचं पाणी कुणी शोधलं, हे मी सांगायला नको.

२०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत आला. त्याची नेहमीची तारीख ११ जून. उकाड्यातून सुटलो म्हणून शहर खूश झालं. पण अर्नाळा, पाचूबंदर, नायगावच्या कोळणींना विचारा. बोंबील आणि जवळा सुकवायला त्यांना तेच ऊन लागतं. दोन आठवड्यांचं ऊन गेलं म्हणजे पावसाळ्यातल्या बंदीच्या दिवसांची बेगमी गेली. उन्हाने मरायचं आणि ऊन गेलं तरी मरायचं, अशी ही गत आहे. म्हणून नुसता ‘गारवा द्या’ असं म्हणून भागत नाही. बुडालेल्या कामाचे पैसे मिळाले पाहिजेत, हे म्हणावं लागतं.

मग आपण मागायचं काय? महापालिकेच्या उन्हाळ्याच्या आराखड्यात पाऱ्याबरोबर हवेतली ओल आणि रात्रीचं तापमान धरलं पाहिजे. प्रसूतिगृहातल्या खाटा तापत्या गच्चीखाली नकोत. बाजारात आणि मजूर नाक्यावर सावली, पिण्याचं पाणी आणि उघडी असलेली, पाणी असलेली स्वच्छतागृहं हवीत. उरलेल्या बावखलांची आणि विहिरींची यादी लावा आणि त्यांवर एक टोपली मातीही पडू देऊ नका.

हे मागताना साहेब विचारतील, पुरावा काय? तो आपणच तयार करायचा. तापमान आणि ओल दोन्ही दाखवणारं लहान यंत्र काही शे रुपयांत मिळतं. प्रत्येक वस्तीत पाच घरं निवडू. १ एप्रिलपासून पाऊस स्थिरावेपर्यंत दुपारी दोनला आणि रात्री दहाला आकडा वहीत लिहायचा. शेजारी लिहायचं: आज कुठलं काम केलं, किती नग कमी झाले, कुणाला चक्कर आली, पाणी कधी आलं. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी सांगायचं, शाळेत जाणारी पोर लिहील. पण वही बाईच्या नावाची असू द्या.

जूनअखेर त्या वह्या घेऊन आपण सगळ्या महापालिकेवर जाऊ. कुणाकुणाच्या वस्तीत पहिल्या पाच वह्या ठेवायच्या, त्याची नावं आज इथून उठण्याआधी लिहून घेऊ या.