लेकराचा जबाब लेकराच्याच भाषेत

(बनशंकरी, बंगळुरू इथं मराठी भाषक तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



तुमच्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहात. घरी सरकारी कागद आला की "जरा वाच बरं, काय लिहिलंय" म्हणून तो तुमच्याच हातात येतो. मी वकिली करते. आज अशाच एका कागदाबद्दल बोलायचंय: लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाचा जबाब.

एक प्रकरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. मराठवाड्यातून इकडे बांधकामावर आलेलं कुटुंब, नऊ वर्षांची मुलगी. ती पोलिसांना म्हणाली, "त्यानं माझ्यासंगं वंगाळ केलं." जबाब कन्नडमध्ये लिहिला गेला आणि कागदावर शब्द आला 'लैंगिक दौर्जन्य'. दीड वर्षानं ती कोर्टात उभी राहिली. आरोपीच्या वकिलानं विचारलं, दौर्जन्य म्हणजे काय? (कायद्यानं हा प्रश्न न्यायाधीशांमार्फत यायला हवा होता. तेही झालं नाही.) तिला सांगता येईना. मग तू हा शब्द बोललीस, की तुला कुणी पढवलं? पोर गप्प झाली ती झालीच. आरोपी सुटला. वंगाळ म्हणजे काय, हे तिला कुणी विचारलंच नाही.

आता कायदा बघा. पॉक्सो, 2012. पोलिसांनी जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथं घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता. कलम 25 म्हणतं, दंडाधिकाऱ्यांनी जबाब मूल बोलेल तसाच नोंदवायचा. कलम 26 प्रमाणे सोबत विश्वासातलं माणूस, लागेल तिथं दुभाषी, आणि शक्य तिथं दृकश्राव्य नोंद. 2014 साली कर्नाटकातल्याच शिवण्णा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बलात्काराची माहिती मिळाल्यापासून 24 तासांत पीडितेला दंडाधिकाऱ्यांपुढे नेऊन जबाब नोंदवा, उशीर झाला तर कारण लिहा.

आपल्या लोकांना वाटतं, जबाब झाला, व्हिडिओ झाला, आता काय, शिक्षा होणारच. तसं नाही. दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाबही स्वतंत्र पुरावा नसतो. कोर्टातल्या साक्षीला आधार द्यायला किंवा तिच्यातली विसंगती दाखवायला तो वापरतात. पीडित व्यक्ती अपंग असेल तर मात्र 2013 च्या दुरुस्तीपासून तोच जबाब सरतपास म्हणून धरतात, फक्त उलटतपास होतो. बाकीच्या मुलांना सगळं पुन्हा सांगावं लागतं.

कलम 35 म्हणतं, दखल घेतल्यापासून 30 दिवसांत मुलाची साक्ष घ्या. प्रत्यक्षात महिने जातात, वर्षं जातात. तेवढ्यात ठेकेदार बापाला बोलावतो, मालक खोली रिकामी करायला सांगतो, जातीची माणसं 'मिटवून घ्या' म्हणतात. बंगळुरूच्याच नॅशनल लॉ स्कूलनं महाराष्ट्र, कर्नाटकासह पाच राज्यांतल्या विशेष न्यायालयांचा अभ्यास केला, त्यातही मुलं आणि घरचे फितूर होण्याचा प्रश्न ठळकपणे पुढे आला. फितूर हा शब्द मला आवडत नाही. नऊ वर्षांचं लेकरू कुणाला फितूर होणार?

ब्रिटनमध्ये 1999 च्या कायद्यानं मुलाची चित्रित मुलाखतच सरतपास म्हणून चालते, उलटतपासही आधीच चित्रित करायची सोय त्यात आहे. आपल्याकडे तसं व्हावं असं मला वाटतं. पण उलटतपासच नको म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही. कच्चे कैदी कोण आहेत ते तुम्हाला माहीत आहे. पोलिसांनी लिहिलेला कागद प्रश्नाविना खरा धरायचा ठरला, तर तो उद्या आपल्याच पोरांवर उलटेल. उलटतपास हवा, पण लवकर, एकदाच, आणि मुलाला समजेल अशा भाषेत.

अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागला असेल, तर कलम 15अ(10) खाली कामकाजाचं चित्रीकरण करावंच लागतं. माझा अनुभव असा की अर्ज दिल्याशिवाय कुणी कॅमेरा लावत नाही. अर्ज द्या.

घरच्यांनी मोबाइलवर मुलाचं बोलणं रेकॉर्ड केलेलं असेल, तर तो फोन विकू नका, क्लिप कापू नका, कुणाला पाठवू नका. जालन्याच्या अर्जुन खोतकर प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर प्रमाणपत्र लागतंच. आणि एकदा सांगून झालं की मुलाला पुन्हा पुन्हा बोलतं करू नका. दर वेळी दोन शब्द इकडचे तिकडे होतात आणि त्याच दोन शब्दांवर उलटतपास चालतो.

दोषारोपपत्र दाखल झालं की जबाबाची प्रत मुलाला आणि पालकांना मिळते, तो हक्क आहे. ती प्रत वाचून लेकराला त्याच्या बोलीत सांगणारं कुणी तरी हवं. 2020 च्या पॉक्सो नियमांप्रमाणे जिल्हा बाल संरक्षण कक्ष दुभाष्यांची नोंदवही ठेवतो. त्यासाठी भाषेची पदवी लागत नाही. मातृभाषा, शाळा, नोकरी किंवा त्या भागातलं वास्तव्य, यातून भाषा येत असली तरी चालते, आणि मानधनही मिळतं. तुम्ही इथं सहा-सात वर्षं राहताय, दुकानात, ऑफिसात कन्नड बोलताय. लातूर-नांदेडकडची बोली तर घरचीच.

माझ्याकडे सध्या आणखी एका मुलाचं प्रकरण आहे. साक्षीची तारीख पुढच्या महिन्यात आहे आणि दुभाषी अजून मिळालेला नाही. ज्यांना दोन्ही भाषा येतात, त्यांनी चहाच्या वेळी मला नावं द्या.