रथी एक, रथ अनेकांचा



मोटारींच्या शर्यतीत विजयाचा चषक उंचावतो तो चालक. छायाचित्र त्याचे, टाळ्या त्याच्या. परंतु ती मोटार ज्यांच्या हातांनी धावण्यायोग्य झाली, ते हात छायाचित्रात क्वचितच दिसतात. २२ जून १९७५ रोजी नेदरलँड्समधील झांडव्होर्ट येथे झालेली डच ग्रां प्री ही या अदृश्य हातांची कथा आहे.

इंग्लंडमधील लॉर्ड अलेक्झांडर हेस्केथ या तरुण उमरावाने हौसेपोटी शर्यतींचा संघ उभा केला. तेव्हा त्याने वयाची पंचविशीही गाठली नव्हती. ईस्टन नेस्टन येथील वडिलोपार्जित वाड्याच्या घोड्यांच्या पागेत त्याची कार्यशाळा होती. पांढऱ्याशुभ्र गाडीवर कोणत्याही कंपनीची जाहिरात नव्हती. बोधचिन्ह होते एका खेळण्यातल्या अस्वलाचे. शॅम्पेनच्या मेजवान्यांमुळे या मंडळींची ख्याती खुशालचेंडू अशीच झाली होती. चालक जेम्स हंट याच्या अपघातांवरून तर त्याला टोपणनावच पडले होते.

परंतु बाहेरून दिसणाऱ्या या थट्टामस्करीच्या आत कामाची शिस्त होती. अँथनी हॉर्सली, ज्याला सारे ‘बबल्स’ म्हणत, पूर्वी स्वतः याच संघाची गाडी चालवीत असे. पुढे त्याने चक्र सोडले आणि व्यवस्थापनाची धुरा स्वीकारली. हार्वी पोस्टलथवेट या अभियंत्याने संघाची स्वतःची ‘३०८’ ही गाडी रेखिली. समोर होती फेरारी. स्वतःचे इंजिन स्वतः घडविणारी, साधनसंपन्न. हेस्केथच्या गाडीत मात्र इतर अनेक संघ वापरीत तेच कॉसवर्थ इंजिन होते.

सरावाअंती फेरारीचे निकी लाउडा व क्ले रेगाझोनी पहिल्या दोन स्थानांवर राहिले; हंट तिसरा. रविवारी पावसाने रस्ता ओला झाला. सर्वांनी खाचांचे टायर चढविले. मात्र समुद्रकाठचा हा रस्ता हळूहळू वाळू लागला. गुळगुळीत टायर केव्हा चढवावेत? लवकर बदलले तर गाडी घसरण्याचा धोका. उशीर झाला तर वेळ हातचा गेला. इंधनासाठी थांबण्याची त्या काळी रीत नव्हती. त्यामुळे चाके बदलण्याची वेळही क्वचितच येई. तरीही सातव्या फेरीला हंट आत वळला, तेव्हा त्याचे सहकारी सज्ज होते. लाउडा थांबला तो आणखी काही फेऱ्यांनंतर. तेवढ्या अवधीत हंटने साधलेली आघाडी निर्णायक ठरली.

पुढे परीक्षा होती ती मनोनिग्रहाची. त्याच वर्षी अर्जेंटिनात आघाडीवर असताना दडपणाखाली हंटकडून चूक झाली होती आणि विजय हुकला होता. झांडव्होर्टला लाउडा सावलीसारखा मागे लागला. त्या काळी चालकाच्या कानात यंत्रातून सूचना येत नसत. दर फेरीला भिंतीवरून दाखविलेला फलक हाच काय तो आधार. ७५ फेऱ्या पूर्ण झाल्या तेव्हा दोघांत जेमतेम एका सेकंदाचे अंतर होते. हंट जिंकला होता. लाउडा त्या वर्षीचा जगज्जेता ठरला. पण त्या दिवशी पागेतल्या संघाने त्याला मागे टाकले.

या कथेला दुसरी बाजूही आहे. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींतील हेस्केथ संघाचा तो एकमेव विजय. वर्षअखेरीस पैसा संपला आणि हेस्केथला माघार घ्यावी लागली. हौसेला मोल नसते असे म्हणतात. परंतु हौसेने उभ्या केलेल्या कार्यालाही अर्थबळ लागतेच. एकाच व्यक्तीच्या तिजोरीवर विसंबलेले काम ती तिजोरी रिती होताच थांबते, हा धडा कोणत्याही संस्थेने विसरू नये.

मात्र त्या पागेत घडलेली माणसे वाया गेली नाहीत. १९७६ साली हंट मॅक्लारेनकडून अवघ्या एका गुणाने जगज्जेता झाला. पोस्टलथवेटने घडविलेल्या वुल्फ संघाच्या गाडीने १९७७ साली पहिल्याच शर्यतीत विजय मिळविला.

संघ विसर्जित होतो, चषक कपाटात जातो. एकमेकांवर विसंबून काम करण्याची सवय मात्र माणसाबरोबर पुढे जाते. आपले काम चोख करून बाजूला उभे राहणाऱ्या सहकाऱ्याची आठवण प्रत्येक विजेत्याने ठेवावी, एवढेच झांडव्होर्टचे सांगणे आहे.