मलमाआधी परीक्षा
(ट्रस्टच्या वार्षिक सभेत सूक्ष्मजीवशास्त्र विभागाच्या वतीने केलेले भाषण)



"आपल्या रुग्णालयाने हळद-कडुनिंबाचे स्वस्त मलम तयार करून गरीब रुग्णांना का देऊ नये?" असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी आपुलकीने विचारला आहे. आज त्याचे उत्तर देतो.

हळदीवरील आपली श्रद्धा निराधार नाही. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ पुढे ठेवून त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु तेथे सिद्ध झाले ते एवढेच, की हे ज्ञान नवे नाही. मलमात हळद किती असावी आणि ती कोणत्या जंतूवर चालेल, हे त्या निकालाने ठरले नाही. ते प्रयोगशाळेतच ठरवावे लागते.

पहिली पायरी सोपी दिसते. गळवांना कारणीभूत होणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आगरच्या थरावर पसरतात, थरात लहान खळगा पाडून त्यात वनस्पतीचा अर्क घालतात आणि ताटली सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमानात रात्रभर ठेवतात. सकाळी खळग्याभोवती जंतुविरहित वर्तुळ दिसले, की मन हरखते. सावध राहावे लागते ते येथेच. अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला असेल, तर ते वर्तुळ अल्कोहोलचेही असू शकते. म्हणून शेजारच्या खळग्यात नुसते अल्कोहोल घालून ताडून पाहतात. उलट, हळदीतील कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते आगरमध्ये नीट पसरत नाही आणि गुण असूनही वर्तुळ लहान राहू शकते. म्हणून जंतूंची वाढ रोखणारी किमान मात्रा वेगळी मोजावी लागते.

पुढे अर्क मलमात मिसळला, की तो तेलकट भागात अडकून राहू शकतो. म्हणून तयार मलम आणि अर्काविना केलेले तेच मलम, अशी दोहोंची तुलना आवश्यक ठरते. शिवाय पाणी असलेल्या मलमात जंतू स्वतःच वाढू शकतात. त्यात मुद्दाम जंतू सोडून २८ दिवसांपर्यंत त्यांची संख्या मोजली जाते. वनस्पतीजन्य म्हणजे आपोआप निर्जंतुक, असे नव्हे. त्यानंतर त्वचेला दाह होतो का, हे पाहणे, रुग्णांवरील रीतसर अभ्यास आणि १९४० च्या औषध कायद्यानुसार उत्पादनाचा परवाना, या पायऱ्या उरतातच.

या पायऱ्या गाळून मलम वाटणे म्हणजे गरिबाच्या जखमेवर प्रयोग करणे होय. स्वस्त औषध देणे हे आपले कर्तव्य आहे. अपरीक्षित औषध देणे नव्हे.

नातेवाइकांना एक कळकळीची विनंती आहे. मधुमेही माणसाच्या पायाला लहानशी जखम झाली, तरी तीवर हळद वा पाल्याचा लेप भरून दिवस घालवू नका. त्या पायाला वेदना जाणवत नसल्याने जखम आतून चिघळत जाते आणि कधी पाय गमावण्याची वेळ येते. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन, स्वच्छ कापडाने झाकून त्याच दिवशी दवाखान्यात या.

आणि देणगीदारहो, प्रयोगशाळेस दिलेला रुपया मलमाच्या डबीसारखा हातात दिसत नाही; तो रुग्णास होऊ न दिलेल्या अपायात असतो.