टेबलावरची लढाई आणि आपली मुले
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)





समितीने मला 'विद्यार्थी आणि जग' असा विषय दिला आहे. मी गिरणी कामगार माणूस. पण आज मी एका खेळाबद्दल बोलणार आहे. मोठमोठ्या इंग्रजी शाळांतून हा खेळ खेळतात. त्याला तिकडे मॉडेल युनायटेड नेशन्स म्हणतात, आपण अभिरूप संयुक्त राष्ट्रसभा म्हणू. खेळ असा की, प्रत्येक मुलाला एक देश दिला जातो. कुणी ब्राझील, कुणी जपान, कुणी नेपाळ. मग त्या मुलाने स्वतःचे मत बाजूला ठेवून त्या देशाची बाजू मांडायची. आधी अभ्यास करून लेखी टिपण आणायचे, अध्यक्षांनी नाव पुकारले की ठरलेल्या वेळात बोलायचे, ठराव लिहायचा, दुरुस्ती सुचवायची, शेवटी मतदान. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या महाविद्यालयांत जुन्या राष्ट्रसंघाच्या अशा सभा होऊ लागल्या. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन झाला आणि मग त्याच्या सभा सुरू झाल्या.

कुणी म्हणेल, हे कोट-टायवाल्यांचे चोचले, आपल्या मुलांना काय करायचे? मंडळी, तसे नाही. ही चीज मुळात आपली आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की, भारताला संसदीय पद्धत अपरिचित नव्हती. भिक्खू संघात बसण्याची व्यवस्था कशी असावी, ठराव कसा मांडावा, गणसंख्या किती हवी, मते कशी मोजावीत, या सगळ्याचे नियम होते. ते आपण हरवून बसलो.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातला रोहिणी नदीच्या पाण्याचा प्रसंग आपण वर्षावासात ऐकतो. तो पुन्हा नीट वाचा. शाक्य आणि कोलीय यांच्यात पाण्यावरून भांडण झाले. सेनापतीने शाक्य संघात युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने त्याला विरोध करून दुरुस्ती सुचवली : आपले दोन, त्यांचे दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी तंटा सोडवावा. दुरुस्तीला अनुमोदन मिळाले, मतदान झाले आणि सिद्धार्थ मोठ्या बहुमताने हरले. आज सुरक्षा परिषदेत याहून वेगळे काय चालते? ठराव, दुरुस्ती, मतदान. आणि हरले म्हणून त्यांचे म्हणणे खोटे ठरले का? अडीच हजार वर्षांनी आपण कोणाचे नाव घेतो, सेनापतीचे की सिद्धार्थाचे?

आता बाबासाहेबांकडे या. २ मार्च १९३० रोजी आपल्या याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुष रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला लंडनमध्ये गोलमेज परिषद भरली आणि तिथे बाबासाहेब व रावबहादूर श्रीनिवासन आपले प्रतिनिधी म्हणून बसले. म्हणजे बघा, एकाच वर्षी एक लढाई रामकुंडावर आणि दुसरी टेबलावर. लंडनला बाबासाहेबांनी नुसते भाषण केले नाही. संरक्षणाच्या मागण्यांचा आराखडा कलमवार लिहून अल्पसंख्याक समितीपुढे ठेवला.

आम्हा कामगारांना हे लवकर समजते. गेट मीटिंगला घोषणा घसा फुटेपर्यंत देतो. पण करार होतो तो मागणीपत्रातल्या कलमांवर. 'देण्यात येईल' आणि 'देण्याचा विचार करण्यात येईल' या दोन वाक्यांत कामगाराचा महागाई भत्ता बुडतो! शब्दाची किंमत फार मोठी असते. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात सर्व 'पुरुष' जन्मतः स्वतंत्र व समान, अशा अर्थाची इंग्रजी शब्दयोजना होती. मुंबईच्या हंसा मेहता यांनी तिथे सर्व 'मानव' हा शब्द यावा म्हणून आग्रह धरला. १० डिसेंबर १९४८ ला जाहीरनामा मंजूर झाला तो त्याच शब्दाने.

दुसरे उदाहरण आपल्या जिव्हारी लागणारे आहे. २००१ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद झाली. देशभरातले दलित कार्यकर्ते तिथे गेले, जातिभेदाचा प्रश्न त्यांनी जगापुढे मांडला. भारत सरकारची भूमिका अशी की, जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. मोर्चे निघाले, जगाच्या वर्तमानपत्रांत आले, पण अंतिम दस्तऐवजात जातीचा उल्लेख आला नाही. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेद निर्मूलन समितीने आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत जन्माधारित भेदभावामध्ये जातीचा स्पष्ट समावेश केला. मोर्चाने दार ठोठावले जाते, पण आत बसून परिच्छेद लिहिणारा माणूसही आपला हवा. तो माणूस कुठून येणार? तो या सतरंजीवरूनच आला पाहिजे.

बाबासाहेबांना हे ठाऊक होते. १९४६ साली सुरू झालेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संसद होती. जानेवारी १९५० मध्ये, स्वतः देशाचे कायदेमंत्री असताना, बाबासाहेब त्या विद्यार्थी संसदेत जाऊन हिंदू कोड बिलावर बोलले. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १९५६ मध्ये, त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय काढले. शिकल्याशिवाय सभागृहात जाऊ नका, हा त्याचा अर्थ.

परराष्ट्र धोरणाशी आपला काय संबंध, असेही विचारतात. १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देताना बाबासाहेबांनी जी कारणे दिली, त्यात परराष्ट्र धोरण हे एक होते. त्यांनी हिशेबच मांडला : वर्षाच्या ३५० कोटी महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात, मग उपाशी माणसाला काय उरते? आणि २९ एप्रिल १९५४ ला भारत-चीन करारात 'पंचशील' आले, तेव्हा त्याच वर्षी राज्यसभेत त्यांनी शंका घेतली की, चीनचा पंचशीलावर खरोखर विश्वास असता तर त्याने आपल्या देशातल्या बौद्धांना वेगळे वागवले असते. आपण रोज विहारात पंचशील म्हणतो. त्याच नावाचा करार दोन देशांत झाला आणि १९६२ ला युद्धही झाले, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे?

म्हणून माझी समितीला विनंती आहे. महिन्यातल्या एका रविवारी, वंदना झाल्यावर, याच सभागृहात मुलांची सुरक्षा परिषद भरवा. पंधरा मुले, पंधरा देश, चिठ्ठ्या टाकून. अध्यक्षपदी आठवी-नववीची मुलगी बसवा. ठराव मंजूर व्हायला नऊ मते लागतात, पण अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स यांपैकी एकाने नकाराधिकार वापरला की तो पडतो. हे एकदा खेळून पाहिले की मुले आपणहून विचारतील, 'काका, हे पाचच मोठे का?' तो प्रश्न त्यांच्या तोंडून यावा, यातच शिक्षण आहे.

सुरुवात मात्र घरच्या पाण्यापासून करा. गंगापूर-दारणेचे पाणी जायकवाडीला सोडायचे की नाही, यावर दर दुष्काळात नाशिक आणि मराठवाडा समोरासमोर येतात. आपल्या नाशिकच्या मुलाला पैठणच्या शेतकऱ्याची बाजू मांडायला लावा. मग सिंधू नदीकडे जा : १९६० चा भारत-पाकिस्तान पाणी करार काय होता, एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित का केला, पाकिस्तानचे म्हणणे काय. समोरच्याची बाजू मांडली म्हणून कुणी देशद्रोही होत नाही, आणि खोटारडाही होत नाही. समोरच्याचा मुद्दा त्याच्याहून चांगला सांगता आला, तरच त्याचे उत्तर देता येते. बाबासाहेबांनी धर्मशास्त्रे वाचली ती अशीच.

खर्च किती? एक वही, एक नकाशा आणि रोजचे वर्तमानपत्र. भाषा मराठी. इंग्रजी शिकाच, पण विचार करायला इंग्रजीची वाट पाहू नका. फक्त तीन नियम कडक ठेवा : टिपण लिहून आणल्याशिवाय बोलायचे नाही, दुसऱ्याचे बोलणे तोडायचे नाही आणि मत हरले तरी सभा सोडून जायचे नाही. सम्यक वाचा म्हणजे आणखी काय असते? हा तिसरा नियम आम्हा मोठ्यांच्या संघटनांनी पाळला असता, तर आपले इतके गट पडले नसते.

आई-वडिलांना एकच सांगतो. मुलगी घरी येऊन म्हणाली, 'बाबा, तुमचा ठराव मला मान्य नाही, मी दुरुस्ती सुचवते,' तर रागावू नका. तिला पाणी द्या, समोर बसवा आणि तिचे म्हणणे पूर्ण ऐका. उद्या ती कुठल्या टेबलावर बसून कोणासाठी बोलणार आहे, हे आज आपल्याला माहीत नाही.